विषय : घर ते कार्यालय बोगदा मिळणेबाबत

मी बसची वेळापत्रकं तयार करतो. म्हणजे बस उशिरा आली की लोक ज्याच्या नावानं बोटं मोडतात, पण ज्याचं नाव कुणालाच ठाऊक नसतं, तो माणूस मी. सव्वीस वर्षं शहरातल्या तीनशे बावीस बस मी कागदावरून पळवतो आहे. चालवता मला एकही येत नाही.

पाय मोडला तोही कर्तव्य बजावताना. आमच्या विभागातलं भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे पडलं होतं. वेळापत्रक विभागाचं घड्याळ मागे पडावं, यासारखी नामुष्की नाही. शिपाई रजेवर होता, म्हणून मीच खुर्चीवर चढलो, काटा बरोबर केला आणि खाली आलो. खुर्चीला न कळवता आलो. घड्याळ आता बिनचूक चालतं. मला मात्र डॉक्टरांनी सांगितलं, "चार आठवडे पाय जमिनीला लावायचा नाही. आणि जिन्याकडे बघायचंसुद्धा नाही." आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नकाशात आहे, इमारतीत नाही.

आजारी माणसाला भेटायला येणारे लोक दोन प्रकारचे असतात. एक, ज्यांच्या ओळखीत कुणाचा तरी पाय असाच मोडला होता आणि पुढे तो वाकडाच राहिला. दुसऱ्या प्रकारात फक्त तळमजल्यावरच्या नर्सबाई. त्यांनी प्लॅस्टर बोटानं वाजवून पाहिलं, "बरं बांधलंय" म्हणाल्या आणि खुर्ची ओढून थेट मुद्द्यावर आल्या.

"काका, आमच्या चौदा नंबरचं काय झालं?"

चौदा नंबरची पहिली बस आमच्या चौकातून सहा वीसला सुटते आणि टेकडीवरच्या रुग्णालयाच्या फाटकाशी सात चारला पोचते. नर्सबाईंची पाळी सातला सुरू होते. हजेरीचं यंत्र सात दहाला मिटतं. तीन वर्षं त्या मला जिन्यात गाठून हे सांगत होत्या आणि तीन वर्षं मी "बाब विचाराधीन आहे" असं उत्तर देत होतो. कार्यालयीन भाषेत याचा अर्थ, बाब कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली हरवली आहे.

"आम्ही चौदाजणी फाटकापासून वॉर्डापर्यंत चढावर धावतो," त्या म्हणाल्या. "परवा आमच्यातली एक पडली. तिचा हात, तुमचा पाय. पण तुम्हाला रजा मिळाली. तिला उशिराचा शेरा मिळाला."

त्या गेल्यावर मी छताकडे बघत राहिलो. दुसरं बघण्यासारखं काही नव्हतं, हे खरं. पण ते वाक्य मनातून जाईना. शेवटी बायकोकडून जुन्या वह्यांचे कागद मागवले, त्यांच्या पट्ट्या कापल्या, प्रत्येक पट्टीवर एकेक बस लिहिली आणि पलंगभर पसरून बसलो. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच एखादी बाब खरोखर विचाराधीन झाली. चौथ्या दिवशी दुपारी उत्तर सापडलं. इतर आठ बस दोन-दोन, तीन-तीन मिनिटांनी सरकवल्या की चौदा नंबर अकरा मिनिटं आधी निघू शकत होती. मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की बायको हातातल्या पिठासकट धावत आली.

"परत पडलात?"

"अगं, सहा नऊ! सहा नऊला सुटते!"

"कोण?" तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. कपाळाला पीठ लागलं.

आता फक्त ही उकल कार्यालयातल्या वेळापत्रकाच्या यंत्रात भरायची होती. ते यंत्र एका बंद खोलीत असतं आणि त्याच इमारतीतल्या संगणकांशिवाय कुणालाही ओळख दाखवत नाही. शिवाय पुढच्या शुक्रवारी पाच वाजता नवं वेळापत्रक सहा महिन्यांसाठी बंद होणार होतं. म्हणजे माझ्या हातात अकरा दिवस होते. विभागात मी आणि एक रिकामी जागा, असे आम्ही दोघंच. राहता राहिले साहेब.

साहेब मनाचे मोठे. म्हणाले, "तुम्ही फोनवर सांगत जा, मी भरतो." मी सांगत गेलो, ते भरत गेले. मी "एकवीस" म्हटलं, त्यांनी बारा लिहिलं. मी "ते खोडा" म्हटलं, त्यांनी सगळंच खोडलं, आणि मग घाबरून कुठलंसं बटण दाबलं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "अहो, इथे दीडशे बस एकाच थांब्यावर उभ्या दिसताहेत." नशिबानं ते सगळं पडद्यावरच होतं. संगणक विभागातल्या मॅडमनी येऊन ते पूर्ववत केलं आणि फोन साहेबांच्या हातून काढून घेतला.

"काका," त्या म्हणाल्या, "हे असं नको. तुमच्या घरापासून आपण बोगदा काढू."

मला वाटलं, बाईंना कामाचा ताण झाला. पण त्यांनी नीट समजावलं. माझ्या घरचा संगणक आणि कार्यालय यांच्यामध्ये इंटरनेट म्हणजे उघडा हमरस्ता. त्यावरून कार्यालयाची कागदपत्रं उघडी न्यायची नाहीत. म्हणून त्याच रस्त्यातून एक बंद वाट काढायची. आतून काय जातं ते बाहेरच्याला दिसत नाही. कार्यालयाच्या वेशीवर एक राखणदार संगणक असतो. तो ओळख पटवतो, मग आत सोडतो, आणि घरी पलंगावर बसलेला माणूस यंत्राला कार्यालयातच बसल्यासारखा वाटतो.

"म्हणजे मी इथे आणि तिथेही?"

"हो. फक्त हजेरी इथलीच धरतील की नाही, ते साहेबांना विचारा."

परवानगीसाठी अर्ज हवा होता. अर्ज कार्यालयाच्या संकेतस्थळावर होता. संकेतस्थळ उघडलं तर सूचना आली : 'कार्यालयाबाहेरून काम करण्याचा हा अर्ज फक्त कार्यालयाच्या आतूनच भरता येईल.' ज्यानं हे वाक्य लिहिलं त्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला. असं वाक्य सुचायला किमान पंधरा वर्षांची नोकरी लागते. मग मी आपला साध्या कागदावर, समास सोडून, स्वच्छ अक्षरात अर्ज लिहिला. विषय : घर ते कार्यालय बोगदा मिळणेबाबत.

इथे माझं चुकलं. 'बोगदा' हा शब्द वाचताच आवक-जावक शाखेनं तो अर्ज बांधकाम शाखेकडे पाठवला.

बांधकाम शाखेला वर्षानुवर्षं कुणी बोगदा मागितला नव्हता. त्यांनी कधी नव्हे ती तत्परता दाखवली. तिसऱ्या दिवशी चार पानी तक्ता आला. बोगद्याची लांबी, रुंदी, मातीचा प्रकार, पाणी लागण्याची शक्यता, वाटेत येणारी झाडं. आता कुणीही शहाणा माणूस तो तक्ता परत पाठवेल. पण मी सव्वीस वर्षं तक्ते भरलेला माणूस आहे. रिकामा रकाना दिसला की माझा हात आपोआप चालतो. लांबी : सुमारे सहा किलोमीटर. रुंदी : लागू नाही. झाडं : निरंक. आणि शेवटी 'तातडीचे' असं लिहून दोनदा अधोरेखित केलं.

त्या तक्त्याची एक प्रत नियमानुसार आमच्या इमारतीच्या समितीकडे ना हरकतीसाठी गेली.

संध्याकाळी सेक्रेटरीबाई समितीच्या दोन सभासदांना घेऊन आल्या. त्या आत आल्या आणि कुणाकडेही न बघता आमची फरशी बघू लागल्या.

"तिसऱ्या मजल्यावरून बोगदा म्हणजे खालच्या दोन मजल्यांमधून जाणार ना?"

"तसा नाही हो तो. तो दिसत नाही."

"दिसला नाही म्हणजे झालं का? सांडपाण्याची गळतीही दिसत नव्हती."

बायकोनं चहा आणला. ती शाळेत गणित शिकवते. न समजणाऱ्यांना समजावण्याची तिला सवय आहे, पण त्या दिवशी तिनंही हात टेकले. समितीनं 'खोदकामास सक्त मनाई' अशी सूचना जिन्यात लावली. खाली माझा फ्लॅट नंबर लाल शाईत. इतकी वर्षं नाकासमोर चाललेल्या माणसाच्या फ्लॅट नंबरकडे जाता-येता लोक कसे बघतात, हे मला पलंगावरून दिसत नव्हतं. पण बायको भाजी घेऊन वर आली की सांगायची.

त्या सूचनेचा एकच फायदा झाला. दुसऱ्या मजल्यावरचे भुयारकाका वर आले.

भुयारकाका हे त्यांचं मुलांनी पाडलेलं नाव. रेल्वेसाठी डोंगर पोखरण्यात त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, आणि बारा वर्षांत कुणी त्यांना बोगद्याबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. ते आले ते छातीशी नकाशांची गुंडाळी धरून. मी त्यांना खरा प्रकार सांगितला. त्यांचा चेहरा उतरेल असं वाटलं होतं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि गुंडाळी कोपऱ्यात उभी केली.

"हरकत नाही. खडक कुठला आहे तेवढं सांगा."

मग ते रोज दहा वाजता येऊ लागले.

इकडे मॅडमनी साहेबांना धरून आमचा अर्ज बांधकामाच्या तावडीतून सोडवला आणि परवानगीवर सही मिळवली. आता माझी ओळख म्हणून किल्ल्या तयार करायच्या होत्या. संगणक किल्ल्यांची जोडी बनवतो. एक उघडी, एक खाजगी. मॅडमनी बजावलं, "काका, उघडी म्हणजे कुलूप समजा. ते मला पाठवा, मी आपल्या दाराला लावते. खाजगी ती खरी किल्ली. ती जिवात जीव असेपर्यंत कुणाला द्यायची नाही." मी दोनदा घोकलं. कुलूप पाठवायचं, किल्ली ठेवायची. आणि मग किल्ली पाठवली. तीही मॅडमना नाही, तर घाईत 'सर्व कर्मचारी' या पत्त्यावर. एक हजार आठशे माणसांना.

पंधरा मिनिटांत उत्तरं येऊ लागली. डेपोतल्या एका वाहकानं ती अक्षरं-आकड्यांची लांबलचक रांग पाहून विचारलं, ही सोडत आहे का. निवृत्तिवेतन शाखेनं पोच दिली आणि नोंद क्रमांक कळवला. मॅडमचा फोन आला. त्या रागावल्या नाहीत. त्या फार सावकाश बोलत होत्या, ते जास्त वाईट.

"काका, ती किल्ली मेली. ती पुसून टाका. नवी बनवा. आणि या वेळी काकूंना शेजारी बसवा."

मला ते लागलं. ज्या माणसाच्या आकड्यांवर अख्खं शहर कामाला जातं, त्याला किल्ली सांभाळता येत नाही म्हणून बायको शेजारी! त्या दिवशी मी चहा घेतला नाही. बायकोनं अर्धा तास वाट पाहिली, मग खुर्ची ओढून बसली. "सरका थोडे," म्हणाली. काळ्या पडद्यावर एकेक अक्षर तपासत तिनं जोडी बनवली, योग्य तो तुकडा योग्य त्या माणसाला पाठवला, आणि जाताना म्हणाली, "मुलांनाही अधिक आणि उणे असंच उलटं वाटतं. पहिल्यांदा." त्या 'पहिल्यांदा'मुळे मी चहा घेतला.

बुधवारी वेशीवरच्या राखणदार संगणकानं मला ओळखलं. पडद्यावर स्वागताची ओळ आली. आणि तिथेच सगळं अडलं. वेशीपर्यंत मी पोचलो, पण वेशीपासून वेळापत्रकाच्या खोलीकडे जाणारी वाट गेल्या वर्षी सुरक्षेसाठी भिंत घालून बंद केली होती. त्या भिंतीत दार पाडायला एका समितीची मंजुरी लागते. समितीची बैठक पुढच्या महिन्यात.

गुरुवारी दहा वाजता भुयारकाका आले तेव्हा मी पट्ट्या गोळा करून पाकिटात भरत होतो. नर्सबाईंना काय सांगायचं, याची मनात जुळवाजुळव चालली होती. 'विचाराधीन' हा शब्द या वेळी तोंडातून निघाला नसता.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. "बाहेरून आत येऊ देत नाहीत," ते म्हणाले. "आतून बाहेर येऊ देतात का?"

"म्हणजे?"

"अहो, बोगदा एका बाजूनं खणतो का कुणी? आम्ही दोन्ही तोंडांकडून सुरू करायचो. तुमच्या बाईंना म्हणावं, तुम्ही आतून खणत वेशीपर्यंत या. हे इकडून आलेलेच आहेत."

मी फोन लावला. काकांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, थोडं ओशाळूनच.

"काका," मॅडम म्हणाल्या, "हे कोण बोललं?"

"शेजारी. रेल्वेत होते."

"त्यांना सांगा, आमच्यातही असंच करतात. उलटा बोगदा म्हणतात त्याला. आतलं यंत्र स्वतःहून वेशीपर्यंत येतं आणि वाट उघडी धरून बसतं. भिंतीला हात लावायला नको. मला आधी कसं सुचलं नाही?" त्यांनी रीतसर टिपणी लिहिली. वापर एकाच माणसाचा, एकाच यंत्रापुरता, शुक्रवारी पाचपर्यंत. साहेबांनी सही केली. दीडशे बसचा प्रसंग ताजा होता, त्यामुळे त्यांनी वाचायलाही वेळ घेतला नाही.

शुक्रवारी दुपारी तीनला आम्ही तिघं पडद्यासमोर बसलो. मी, शाळेतून लवकर आलेली बायको आणि भुयारकाका. फोनवर मॅडम. बायकोनं शेवटची ओळ टंकली. काळा पडदा जरा वेळ तसाच राहिला. मग हळूच वेळापत्रकाची ती ओळखीची, राखाडी, कुरूप चौकट उजळली. सहा किलोमीटरवरची. इतका आनंद मला माझ्या लग्नाचे फोटो पाहूनही झाला नव्हता. हे मी मोठ्यानं म्हणालो नाही.

भुयारकाका टेकून बसले. "दोन्हीकडची माणसं भेटायच्या आधी वारा येतो," ते म्हणाले. "मध्ये हातभर खडक असतो अजून, पण एक बारीकशी फट पडते आणि पलीकडचा गार वारा तोंडावर येतो. सगळे हत्यारं खाली ठेवतात. कुणी बोलत नाही." बायकोनं उगीचच पंखा जरा मोठा केला.

मी पट्ट्या ओळीनं लावल्या आणि भरायला सुरुवात केली. एकेक बस, एकेक थांबा. साडेचारला सात बस झाल्या होत्या. चार पस्तीसला पंखा थांबला, पडदा विझला.

इमारतीत वीज होती, फक्त आमच्याकडे नव्हती. बायको आणि तिच्यामागे भुयारकाका जिन्यातून खाली धावले. मी कुबड्या घेऊन दारापर्यंत गेलो, आणि मला खालून सगळं ऐकू आलं. कुणीतरी तक्रार केली होती की तिसऱ्या मजल्यावर सारखं ठक ठक वाजतंय. म्हणून सेक्रेटरीबाईंनी बोगद्याचं यंत्र बंद पाडण्यासाठी आमचा मेन स्विच खाली ओढला होता. ती ठक ठक माझ्या कुबड्यांची होती.

भुयारकाकांना मी कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. "तीस वर्षं खणलंय मी!" ते गरजले. "खणण्याचा आवाज मला कळत नाही? मी त्यांच्या थेट खालच्या घरात राहतो!" पण सेक्रेटरीबाई नियमावर ठाम. लेखी दिल्याशिवाय स्विच वर जाणार नाही. तेवढ्यात कामावरून परतणाऱ्या नर्सबाई दारात आल्या. त्यांनी विचारलं काय झालं, आणि बायकोनं दोन वाक्यांत सांगितलं. गणिताच्या बाई त्या.

नर्सबाईंनी पिशवी खाली ठेवली. "ताई," त्या सेक्रेटरीबाईंना म्हणाल्या, "तुमच्या सासूबाईंना त्या सकाळी रुग्णालयात आणलंत, तेव्हा मी धापा टाकत आले होते. हाताला कंप होता म्हणून सुई दुसऱ्यांदा टोचावी लागली. आठवतं? ती याच बसमुळे."

मग खटका वाजला आणि माझ्या डोक्यावरचा पंखा फिरू लागला.

चार एकोणपन्नास. संगणक सुरू व्हायला तीन मिनिटं. भरलेलं सगळं जपलेलं होतं. मॅडमनी आतून वाट पुन्हा धरली, बायकोनं इकडून. आठवी बस भरली. मग चौदा नंबर. सहा वीस खोडून सहा नऊ लिहिलं आणि जतन केलं, तेव्हा चार सत्तावन्न झाले होते. पाचला मॅडमनी बोगदा बुजवला आणि तसं लेखी कळवलं. जिन्यातली सूचना दुसऱ्या दिवशी निघाली. 'खोदकाम पूर्ण झाल्याने' असं कारण नोंदवहीत आहे म्हणतात. मी खोडायला गेलो नाही.

नवं वेळापत्रक लागू झालं त्याच आठवड्यात टेकडीवरच्या रुग्णालयात माझं प्लॅस्टर काढायचं होतं. सकाळी सहाला कुबड्या टेकत, एकेका पायरीला बायकोचा हात धरत मी जिना उतरलो. चौकात नर्सबाई उभ्या होत्या. सहा नऊला चौदा नंबर आली. खरं सांगतो, मला वाटलं होतं ती येणार नाही. सव्वीस वर्षांत मी माझ्याच वेळापत्रकातली बस घड्याळ लावून कधी पाहिली नव्हती.

टेकडीवरच्या फाटकाशी आम्ही सहा त्रेपन्नला पोचलो. चौदाजणी उतरल्या आणि सवयीनं पदर, पिशव्या आवरून धावायच्या तयारीत उभ्या राहिल्या. मग त्यांच्या लक्षात आलं. एकीनं घड्याळ कानाला लावून पाहिलं. गळ्यात हात बांधलेली एक तरुण बाई कठड्यावर बसली, दुसरीनं वाकून तिच्या चपलेचा पट्टा सावकाश लावून दिला. आणि त्या सगळ्या बोलत बोलत, चालत चढ चढू लागल्या.

नर्सबाई मागे राहिल्या. माझ्याकडे वळल्या. आता त्या काहीतरी चांगलं बोलणार, म्हणून मी चेहरा नम्र केला.

"काका, हे छान झालं. पण दुपारची परतीची बस तीन पाचला सुटते, आणि आमची पाळी सुटते तीनला. पाच मिनिटांत कपडे बदलून फाटक गाठायचं म्हणजे..."

"थांबा," मी म्हणालो आणि कुबड्या बायकोकडे दिल्या. "मला एक कागद द्या."